गढूळ बिअर, स्वच्छ मत

गेल्या शनिवारी संध्याकाळी आमच्या गच्चीवर मी एका चांगल्या मित्राशी खोटं बोललो. फक्त चार शब्द. "मस्त झाली आहे रे."

तर झालं असं. हा मित्र माझा जुना टीममेट. आम्ही तीन वर्षं शेजारी-शेजारी बसून एकमेकांचा कोड रिव्ह्यू केलेला आहे आणि त्यावरून कडाकडा भांडलेलोही आहोत. दीड वर्षापूर्वी त्यानं आयटीतली नोकरी सोडली आणि एका मायक्रोब्रूअरीत ब्रूअर म्हणून रुजू झाला. पगार जवळजवळ निम्मा. फ्लॅटचा हप्ता मात्र होता तेवढाच. त्याच्या आईनं महिनाभर अबोला धरला होता आणि आमच्या आईनं, "तो आता दारू गाळतो म्हणे?" असं मला चारदा विचारून घेतलं होतं. (परमिट आम्हा सगळ्यांकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्या राज्यात अजून जिवंत आहे आणि पिण्यासाठी परमिट लागतं, हे अर्ध्या पुण्याला माहीत नसतं.)

तर त्यानं स्वतःच्या रेसिपीची पहिली हेझी डबल आयपीए बनवली होती. टॅपवर लागून चार दिवस झालेले. रीतसर बिल भरून एक लिटरचे दोन सीलबंद ग्राउलर घेऊन तो शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून कोथरूडला आला. मे महिना, ट्रॅफिक आणि पाठीवर सॅक. आम्ही पाचजण, चखणा म्हणून चकली आणि खारे दाणे. त्यानं ओतली. सगळ्यांनी घोट घेतला. "भारी!" "कडक!" "एकदम आमरस रे!" अशा आरोळ्या झाल्या. मग सगळे आपापल्या गप्पांत शिरल्यावर तो माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "तू खरं सांग. सोमवारी दुसरी बॅच थंड करायला टाकायचीय. सेम रेसिपी. काही बदलायचं असेल तर आत्ताच."

आणि मी म्हणालो, "मस्त झाली आहे रे."

मस्त नव्हती. मस्तच्या जवळपास होती, पण नव्हती.

*

ज्यांना ही भानगड काय आहे ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. माहीत असेल त्यांनी पुढचे तीन परिच्छेद उडवले तरी चालेल.

आयपीए म्हणजे इंडिया पेल एल. यातला 'इंडिया' म्हणजे आपणच. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनजवळ बो इथल्या हॉजसनच्या ब्रूअरीची बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांचे कप्तान उधारीवर उचलायचे आणि इकडे आणून गोऱ्या साहेबांना विकायचे. पुढे १८२० च्या दशकात बर्टन गावच्या ऑलसॉपनं या धंद्यात उडी घेतली. "लांबच्या समुद्रप्रवासात बिअर खराब होऊ नये म्हणून मुद्दाम जास्त हॉप्स आणि जास्त अल्कोहोल घालून नवीनच बिअर शोधली गेली" ही गोष्ट प्रत्येक पबच्या मेन्यूकार्डावर छापलेली असते. ती बरीचशी दंतकथा आहे. हॉप्स जास्त घालायचे हे खरं, पण फिकट रंगाची बिअर आधीपासून होती आणि काळी पोर्टर बिअरही त्याच जहाजांतून ठणठणीत पोचत होती. असो.

'डबल' ही अमेरिकन करामत. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या टेमेक्युला गावी विनी सिलुर्झो यांनी ब्लाइंड पिग या आपल्या छोट्या ब्रूअरीत हॉप्स आणि माल्ट दोन्ही वाढवून एक बिअर केली, तिला या प्रकाराची आद्य बिअर मानतात. 'हेझी' त्यानंतरची. व्हरमाँट राज्यातल्या 'द अल्केमिस्ट'ची हेडी टॉपर ही त्या घराण्याची मूळ पुरुष... मूळ स्त्री म्हणू या, बिअर स्त्रीलिंगी आहे. २०११ मध्ये ती कॅनमधून यायला लागली आणि लोक रांगा लावायला लागले. गंमत म्हणजे त्या कॅनवरच लिहिलेलं असतं की कॅनमधूनच प्या. म्हणजे ज्या गढूळपणासाठी जग वेडं झालं, तो बघूच नका असं खुद्द बनवणाऱ्याचं म्हणणं! अमेरिकेतल्या ब्रूअर्स असोसिएशननं २०१८ मध्ये 'ज्यूसी किंवा हेझी' असा अधिकृत वर्ग केला, तेव्हा हा प्रकार फॅशन न राहता सिलॅबसमध्ये आला.

पुण्यापुरतं म्हणाल तर २००९ मध्ये डूलाली सुरू झाली तिथून आपली गोष्ट सुरू होते. (हा शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आलाय. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघून-बघून गोरे सोल्जर वेडे व्हायचे, म्हणून इंग्रजीत डूलाली म्हणजे डोकं फिरलेला.) मग २०१४ मध्ये मुंढव्यात इंडिपेंडन्स आली, आणि पुढे हळूहळू पुण्याच्या पोरांना गव्हाची बिअर, स्टाउट, आयपीए हे शब्द मिसळ-वडापावइतके सवयीचे झाले. बरीचशी मंडळी त्या बाजूला, कोरेगाव पार्क, मुंढवा, इकडे बाणेर-बालेवाडी. कोथरूडकर मात्र अजून पिऊन घरी येण्यासाठी प्रवास करतात. या मुद्द्यावर शेवटी येतो.

*

आता चव घेण्याबद्दल. मी काही सर्टिफाइड जज नाही. पण परीक्षक जो कागद वापरतात तो बघितलाय, आणि तो बघून इंजिनिअर माणूस खूश होतो. बीजेसीपीच्या गुणपत्रिकेत एकूण ५० मार्क. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५ आणि एकंदर मताला १०. पुन्हा वाचा. दिसण्याला ५० पैकी ३! आणि आपण काय करतो? ग्लास हातात आला की मोबाइल काढतो. संत्र्याच्या रसासारखा रंग, वर पांढरा फेस, मागे मावळता सूर्य. फोटो टाकून होईपर्यंत बिअरची गोष्ट आपल्या दृष्टीनं संपलेली असते.

हा गढूळपणा येतो कुठून? बऱ्याच जणांना वाटतं की यीस्ट गाळलेलं नाही म्हणून. तसं असेल तर ती चूक आहे, स्टाइल नव्हे. खरा गढूळपणा ओट्स आणि गव्हातली प्रथिनं आणि हॉप्समधले पॉलिफेनॉल एकमेकांना धरून बसतात त्यातून येतो. हॉप्स उकळत्या काढ्यात फार लवकर घालत नाहीत, कारण उकळले की कडूपणा येतो. ते उशिरा, गॅस बंद केल्यावर, आणि मग आंबत असताना किंवा आंबून झाल्यावर थंडच घालतात. त्यामुळे तेलातला वास राहतो आणि कडू कमी होतं. सिट्रा, मोझॅक, गॅलक्सी ही त्या हॉप्सची नावं. पाण्यात सल्फेटपेक्षा क्लोराइड जास्त ठेवतात, म्हणजे घोट मऊ लागतो. थोडक्यात हेझी डबल आयपीए म्हणजे मऊ, फळांच्या वासाची, कडूपणा मागे राहिलेली आणि अल्कोहोल लपवलेली बिअर.

'लपवलेली' हा शब्द मुद्दाम वापरलाय. ही बिअर दोन गोष्टी लपवते. एक अल्कोहोल आणि दुसरी चूक. स्वच्छ पिल्सनरमध्ये ब्रूअरनं जरा जरी घोळ घातला तरी पहिल्या घोटाला समजतो, कारण तिथे लपायला जागाच नाही. इथे आंबा, अननस, पपनस यांचा एवढा गलका असतो की मागे कोण काय पुटपुटतंय ते ऐकू येत नाही.

आमच्या आईला बिअरचा वाससुद्धा सहन होत नाही. पण चव घेणं म्हणजे काय ते मी तिच्याकडून शिकलो. हापूसची पेटी घेताना ती रंग बघत नाही. देठापाशी नाक नेते. फळ दाबत नाही, हातात तोलते. मग विक्रेत्याला सांगते, "एक कापून दाखवा." आणि वरून सोन्यासारखा दिसणारा आंबा आत पांढरट, स्पंजासारखा निघाला की सगळ्या बाजारासमोर म्हणते, "अहो, साका आहे यात." तो बिचारा, "मावशी, एखादा निघतोच," वगैरे म्हणतो. ती भांडत नाही, ओरडत नाही, पण शब्द बदलत नाही. साका तो साका. तो सालीवरून कधीच दिसत नाही, कापल्यावरच समजतो.

शनिवारी माझ्या ग्लासात साका होता.

*

पहिल्या घोटाला काहीच जाणवलं नाही. आंबा, थोडं पपनस, बरं वाटलं. बिअर थंडगार होती आणि थंडगार असताना नाक झोपलेलं असतं. म्हणूनच या बिअरची परीक्षा ८-१० अंशांच्या आसपास घ्यावी म्हणतात, फ्रीजरमध्ये बर्फ केलेल्या मगातून नाही. दहा-बारा मिनिटांनी ग्लास कोमट व्हायला लागला तेव्हा फळांच्या मागून एक वास पुढे आला. बटरस्कॉच. दुसऱ्या घोटाला जिभेवर एक ओशट, लोण्यासारखा थर. लहानपणी गाड्यावरचं बटरस्कॉच आइस्क्रीम मला फार आवडायचं, पण आंब्याच्या रसात कोणी ते घातलेलं मला चाललं नसतं.

याचं नाव डायअसेटिल. आंबताना यीस्ट एक पदार्थ बाहेर टाकतं, त्याचं हळूहळू डायअसेटिल होतं, आणि मग यीस्टच ते परत खाऊन टाकतं. म्हणजे यीस्ट स्वतःचा पसारा स्वतः आवरतं, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. (आमच्या घरी हा नियम फक्त यीस्टला लागू आहे, मला तो वेळ मिळत नाही :-)) पण थंड हॉप्स भरपूर घातले की एक वेगळीच गंमत होते. हॉप्सबरोबर काही एन्झाइम्स येतात. ती यीस्टला न पचणाऱ्या साखरेचे तुकडे करतात, मग झोपायला निघालेलं यीस्ट पुन्हा जेवायला बसतं आणि पुन्हा पसारा होतो. याला ब्रूअर लोक हॉप क्रीप म्हणतात. तुम्हाला वाटतं काम संपलं, टँक थंड करता, यीस्ट झोपतं आणि पसारा तसाच राहतो. सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं सांगायला नको. टेस्ट पास झाल्या, बिल्ड गेलं, आणि शेवटच्या क्षणी कोणीतरी एक छोटासा बदल घातला होता.

मला हे सगळं शनिवारी रात्री नऊ वाजताच कळलं होतं का? वास कळला होता. नाव कळलं होतं. आणि तरीही मी "मस्त" म्हणालो.

का म्हणालो, याचा मी आठवडाभर विचार केलाय. पहिलं कारण सरळ आहे, वाईट वाटलं. त्यानं निम्म्या पगारावर काढलेली पहिली बॅच. दुसरं कारण जरा लाजिरवाणं आहे. बाकी तिघं "भारी" म्हणाले होते आणि मला शहाणपणा करणारा माणूस व्हायचं नव्हतं. क्राफ्ट बिअरबद्दल बोलणारा माणूस हा आपल्याकडे चेष्टेचा विषय असतो, थोडा योग्यच. "स्टोन फ्रूट जाणवतंय, पाइन जाणवतंय," असं म्हणणाऱ्यानं पाइनचं झाड फक्त वॉलपेपरवर बघितलेलं असतं. त्या माणसासारखं दिसायला नको म्हणून मी गप्प बसलो.

पण इथेच आपली गल्लत होते, असं माझं ठाम मत झालंय. उसनी भाषा वापरणं आणि खरं सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाइन माहीत नसेल तर नका म्हणू पाइन. आपल्याकडे शब्द थोडे आहेत का? कच्ची कैरी आणि पिकायला टाकलेल्या आंब्याची अढी यांच्या वासातला फरक कोणत्याही कोथरूडकराला डोळे मिटून सांगता येतो. पपनस, ईडलिंबू, पेरू, पिकून उतू गेलेलं अननस, दिवाळीतलं उटणं, ओला पुठ्ठा, लोणी, जुनं तूप. आयपीए शिळी झाली की ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते आणि हेझीचा सोनेरी रंग जाऊन ती मळकट, जांभळट-करडी दिसायला लागते. हे सांगायला कुठला कोर्स लागत नाही. "पुठ्ठा लागतोय" एवढं पुरतं. हॉप्सचा गाळ जास्त राहिला की घशाशी खवखवतं, सुरणानं खाजतं त्याच्या जवळपास. "खवखवतंय" म्हणा. ब्रूअरला बरोब्बर समजतं.

याउलट "भारी", "कडक", "मस्त" हे शब्द त्याला काहीच सांगत नाहीत. कोड रिव्ह्यूमध्ये न वाचता 'लुक्स गुड' लिहून मोकळं होण्यासारखं आहे ते. आपण सगळ्यांनी ते केलंय आणि त्यातून निघालेले बग रात्री दोन वाजता उठून आपणच शोधलेत. आकड्यांचंही तेच. पाचपैकी सव्वाचार म्हणजे काय? ॲपवर जास्त मार्क बहुतेक वेळा जास्त जोरात बोलणाऱ्या बिअरला मिळतात. तीव्र वास, जास्त अल्कोहोल, जास्त फळं. हळू बोलणारी चांगली पिल्सनर बिचारी साडेतीनवर अडकते. मला असं वाटतं की ज्या मताच्या शेवटी "पुढच्या वेळी हे करून बघ" असं काही येत नाही, ते मत नव्हे, ते फक्त टाळ्या.

*

रविवारी पहाटे साडेपाचला मी त्याला फोन केला. शनिवारी तो रात्री माझ्याकडेच राहिला असता तर सोपं झालं असतं, पण तो डहाणूकर कॉलनीत मामाकडे झोपायला गेला होता. "टेकडीवर येतोस का?" आम्ही एआरएआयच्या टेकडीवर चढलो. वरून सगळं कोथरूड दिसतं, मेट्रोचा रूळ, पौड रोड, टाक्या आणि गच्च्या. मी म्हणालो, "काल मी खोटं बोललो."

"माहितेय," तो म्हणाला. "तू दुसरा ग्लास घेतला नाहीस."

मग मी सांगितलं. बटरस्कॉच, ओशटपणा, दहा मिनिटांनंतर. तो आधी चिडला. "टॅपवर असा वास अजिबात येत नाही. मी रोज चाखतोय." मी म्हणालो, "माझ्या ग्लासात होता." पाच मिनिटं आम्ही न बोलता चाललो. मग त्याचा ब्रूअर जागा झाला. टॅपवर नाही आणि ग्राउलरमध्ये आहे, याचा अर्थ काय? याचा अर्थ डायअसेटिल तयार झालेलं नव्हतं, पण त्याचा कच्चा माल बिअरमध्ये शिल्लक होता. ग्राउलर भरताना थोडा ऑक्सिजन गेला, मे महिन्यात तासभर सॅकमध्ये गरम झाला आणि कच्च्या मालाचा पक्का माल झाला. म्हणजे बिअर त्याच्या टॅपवर ठीक होती आणि गिऱ्हाइकाच्या घरी बिघडत होती. त्याला स्वतःला ते कधीच कळलं नसतं, कारण तो टॅपवरच चाखत होता.

यावर एक साधी चाचणी असते. टँकमधून नमुना काढायचा, दोन झाकणाच्या बरण्यांत ओतायचा. एक बरणी साधारण ६० अंशांच्या गरम पाण्यात २०-३० मिनिटं ठेवायची, दुसरी तशीच. मग दोन्ही सारख्या थंड करून वास घ्यायचा. तापवलेल्यात लोणी आलं आणि दुसरीत नसलं, तर यीस्टचं काम बाकी आहे. रविवारी दुपारी त्यानं ब्रूअरीत जाऊन दुसऱ्या बॅचची चाचणी केली. तीन वाजता मेसेज आला. एकच शब्द. "लोणी."

त्यानं सोमवारी टँक थंड केला नाही. अजून चार दिवस यीस्टला उबेतच ठेवायचं ठरवलं. त्यासाठी त्याला मालकाकडून बोलणी खावी लागली, कारण या शनिवार-रविवारी ती बिअर टॅपवर लावायची जाहिरात आधीच झाली होती. मला फार अपराधी वाटलं. पण तो म्हणाला, "तू सोमवारनंतर सांगितलं असतंस तर मी तुझं तोंड बघितलं नसतं." त्या चार शब्दांची किंमत काय झाली असती ते मला तेव्हा नीट कळलं. दोन ग्राउलरचा प्रश्न नव्हता, एका अख्ख्या टँकचा होता. आणि तो ब्रूअर म्हणून टिकणार की परत आमच्या शेजारच्या क्युबिकलमध्ये येणार, याचाही थोडा होता.

*

आता ती दुसरी गोष्ट, जी मी शेवटी सांगतो म्हणालो होतो.

शनिवारी आमच्यातला एकजण "ज्यूस आहे रे हा!" म्हणत दोन मोठे मग प्यायला आणि साडेदहाला बाइकची किल्ली शोधायला लागला. त्याचं वागणं अगदी व्यवस्थित होतं. त्यालाही तसंच वाटत होतं. आम्ही किल्ली दिली नाही, रिक्षा बोलावली, तो थोडा रुसला.

हिशोब करून बघा, आपण इंजिनिअर आहोत. एफएसएसएआयच्या २०१८ च्या नियमांनुसार आपल्याकडे बिअरमध्ये जास्तीत जास्त ८ टक्के अल्कोहोल. ५ टक्क्यांच्या वर गेलं की ती 'स्ट्राँग'. बीजेसीपीच्या पुस्तकात डबल आयपीए साडेसात टक्क्यांपासून सुरू होते, म्हणजे आपली देशी डबल या अर्ध्या टक्क्याच्या फटीत बसते. (हेडी टॉपर बरोब्बर ८ टक्के आहे, म्हणजे ती इथे काठावर पास झाली असती.) ८ टक्क्यांच्या ५०० मिलीच्या एका मगात ४० मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात साधारण ३२ ग्रॅम. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या एका पेगात साधारण १० ग्रॅम. एक मग म्हणजे तीन पेग. दोन मग म्हणजे सहा! सहा पेग व्हिस्की पिऊन कोणी "ज्यूस आहे रे" म्हणत बाइकची किल्ली शोधत नाही. निदान त्याच्या आजूबाजूचे तरी सावध होतात. मोटार वाहन कायद्याची मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम. या बिअरच्या एका मगानं बहुतेक माणसं ती ओलांडतील.

म्हणून माझं मत असं की या प्रकाराची परीक्षा करताना आणखी एक रकाना हवा. गुणपत्रिका अल्कोहोल जाणवू न देण्याचं कौतुक करते आणि कारागिरी म्हणून ते कौतुक योग्यच आहे. पण जी बिअर आपली ताकद लपवण्यात जितकी यशस्वी, तितका तिचा ग्लास लहान हवा. २०० मिलीच्या वर देऊच नये. मेन्यूकार्डावर टक्के लिहितात तसं "हा ग्लास म्हणजे इतके पेग" असंही लिहावं. दुकानदाराचं थोडं नुकसान होईल. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये एका भरधाव पोर्शेनं आपल्यासारख्याच दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला, तेव्हा या शहरात आपण सगळे खूप बोललो होतो. मेणबत्त्या लावल्या, पोस्टी टाकल्या. मित्राच्या हातातून किल्ली काढून घेणं हे त्यापेक्षा अवघड असतं, कारण तिथेही आपल्याला शहाणपणा करणारा माणूस व्हायचं नसतं. "तू ठीक आहेस रे, जा हळू," हेसुद्धा "मस्त झाली आहे रे"चंच भावंड आहे. दोन्ही वाक्यं म्हणणाऱ्याची सोय बघतात, ऐकणाऱ्याची नाही.

मी बिअर सोडा म्हणत नाहीये. मला ती आवडते आणि पुढच्या महिन्यातही आवडेल. एवढंच म्हणतोय की आवडत असेल तर नीट चाखा. फोटोआधी वास घ्या. ग्लास थोडा कोमट होऊ द्या. मनात येईल तो मराठी शब्द मोठ्यांदा म्हणा. आणि बनवणारा समोर उभा राहून खरं विचारत असेल तर त्याला खरं सांगा, जमलं तर त्याच संध्याकाळी.

काल, शुक्रवारी, त्यानं परत दोन बरण्यांची चाचणी केली. यावेळी दोन्हींचा वास सारखा होता, असं त्याचं म्हणणं. रात्री टँक थंडावायला टाकला. मंगळवार-बुधवारपर्यंत टॅपवर येईल. पुढच्या शनिवारी मी वनाझहून मेट्रो पकडून जाणार आहे आणि रिक्षानं परत येणार आहे. जाताना आईनं निवडलेले चार हापूस त्याला न्यायचेत. तिनं काल विचारलं, "चांगली निघाली का रे त्याची ती... बिअर?"

म्हटलं, "अजून चाखली नाही. चाखली की सांगतो."